जित्या दादाचं रडणं

सोमवार, ८ डिसेंबर

निवड झाली! ऑफ पिरियडला फोन आला. सिरीयलमध्ये एक दिवसाचं काम, एकच सीन, पण मोठा. घरातला कर्ता माणूस मेलाय, मी त्याची बहीण, सासरहून येते आणि गल्लीच्या तोंडापासून रडत घरात शिरते. बस. एवढंच.

स्टाफरूममध्ये सगळे पेढे मागायले. गणिताचे सर म्हणाले, "मॅडम, दहावीचे मराठीचे पेपर तपासताना रडता ना, तसंच रडा." सेलूत वीस वर्षं गॅदरिंगची नाटकं बसवली, त्याचं कुठंतरी चीज झालं म्हणायचं.

संध्याकाळी दादाचा फोन, पेडगावहून. नांदेडच्या डॉक्टरांनी बायपासच सांगितली. रिपोर्ट त्यानं मला मोंढ्यातला भाव सांगावा तसा सांगितला. "तीन नळ्या तुंबल्यात म्हणतेत. काढू की साफ करून." वहिनी मागून ओरडायल्या, नीट सांगा म्हणून. दादा हसायला. मला सिरीयलचं सांगायचं राहूनच गेलं.

मंगळवार, ९ डिसें.

मोबाईलवर सीनचा कागद आला. पहिलाच शब्द 'दादा'. पुढं कंसात 'हंबरडा फोडते'. मग पुन्हा 'दादा'. पानभर दादाच दादा.

मोबाईल पालथा ठेवला, परत उचलला.

दिग्दर्शकाला (इथून पुढं दि. लिहीन) फोन लावला. म्हणले, "अण्णा केलं तर चालंल का? नाहीतर भाऊ?" पोरगा पुण्याकडचा, माझ्या मुलाच्या वयाचा, पण समजूतदार. "मॅडम, सहा महिने सगळे त्याला दादाच म्हणतायत. आता मेल्यावर अण्णा कसं करू? काही अडचण आहे का?"

काय सांगू? सातवीच्या पोरांना अंधश्रद्धेवर निबंध घालते मी. 'काही नाही' म्हणून ठेवून दिला. मग स्वयंपाक करताना भाजीत दोनदा मीठ पडलं. हे जेवताना नुसतं पाणी पीत होते.

गुरुवार, ११ डिसें.

आरशासमोर उभी राहून केलं. छे! हनुवटी थरथरवते, एक वाक्य म्हणते आणि थांबते. कशासाठी थांबते? तर मागून संगीत वाजावं म्हणून! टीव्ही बघून बघून रडायची सुद्धा टीव्हीसारखीच सवय झाली.

सिनेमातले असले सीन मला लहानपणापासून पाठ. मरणारा माणूस मरता मरता सगळं बोलून घेतो, कुणाला माफ करतो, कुणाचा हात कुणाच्या हातात देतो, आणि मगच मान टाकतो. टॉकीजमध्ये मी पदर ओला करून बाहेर यायचे. आणि आमचे वडील, बापू, गेले तेव्हा? "गोठ्यातला दिवा बंद केला का" एवढंच म्हणाले आणि गेले. मी भिंतीला टेकून कोरडी बसले होते. बाया गळ्यात पडून हेल काढून रडत होत्या, काय काय बोलत होत्या बापूंना उद्देशून, आणि मी आपली बघतेय. तेव्हा शिकून घ्यायला पाहिजे होतं.

ऑपरेशनची तारीख मिळाली. मंगळवार, २३. शूटिंग रविवारी २१ ला.

इतके दिवस पडलेत महिन्यात, पण नाही, एकाला एक लागूनच.

शनिवार, १३ डिसें.

शाळा सुटल्यावर झरीला आत्याकडं गेले. बापूंची बहीण, आता ही एकच वडीलधारी उरली. गावात कुणाकडं मयत झालं की आत्याला बोलवायला माणूस येतो असं नाही, पण आत्या आली की रडण्याला तोंड फुटतं असं सगळे म्हणतात.

हुरडा भाजत बसली होती. सीनचं सांगितलं तर हात थांबला.

"शिकीव म्हणतीस? आगं रडणं काय शिकवायचं असतंय व्हय पोरी?"

"नुसतं सुरुवात कशी करायची तेवढं सांग."

"नाव घेतल्याबिगर सुरुवात व्हत न्हाई. कुणाचं नाव घ्यायचं?"

मी हुरड्यातला एक दाणा उचलला.

"बोल की. काय म्हणून हाक मारायचीय त्या मेलेल्याला?"

"दादा."

आत्यानं परात बाजूला सारली. "आन् तिकडं तुजा दादा कापायला चाललाय. अक्कल हाय का न्हाई तुला? शाळंत काय शिकीवतीस गं पोरास्नी?" मग माझ्याकडं पाठ करून हुरडा चोळत बसली. निघताना मात्र दारापर्यंत आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "गुण गाऊ नको मेलेल्याचे. भांड त्याच्यासंगं. का गेलास म्हणून भांड." आणि लगेच "मी काय सांगितलं न्हाई तुला" म्हणून आत गेली.

सोमवार, १५ डिसें.

आज जे झालं ते लिहायची लाज वाटतेय, पण लिहिते.

हे बँकेत गेलेले. म्हटलं घरात कुणी नाही, आज आवाज मोकळा सोडून बघावा. मधल्या खोलीत गेले, दार लावलं. आत्या म्हणाली तसं भांडायला घेतलं. "दादा रंऽऽ, असा कसा गेलास रंऽऽ." आणि काय सांगू, हेल लागला! आरशापुढं चार दिवस जे जमत नव्हतं ते पोटातून वर आलं. मला भीतीही वाटत होती आणि थांबवतही नव्हतं.

खिडकी उघडी होती. ते ध्यानातच नाही आलं.

शेजारच्या कांताकाकूंना माझ्या दादाचं दुखणं माहीत. त्यांनी ऐकलं आणि दार वाजवायच्या आधी पेडगावच्या त्यांच्या भाच्याला फोन लावला, "गेले का रे ते? कधी?" भाचा शेतात. त्यानं दुसऱ्याला विचारलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगितलं. मी तोंड धुऊन बाहेर आले तर ओट्यावर चार बाया, डोक्यावरून पदर घेतलेल्या. कांताकाकूंनी मला छातीशी धरलं. "रड बाई, रड."

"काकू, नाटकाचं आहे! नाटकाचं!"

कुणाला खरं वाटेना. धक्क्यानं असं बोलायलीय म्हणाल्या.

तोवर आमच्या भावकीच्या ग्रुपवर दादाचा फोटो. पुतण्याच्या लग्नातला, फेटा बांधलेला. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली हात जोडलेले, एकाखाली एक, एकाखाली एक. मी घाईघाईनं 'दादा बरा आहे' लिहिलं, तर त्यालाही कुणीतरी हात जोडले.

मंगळवार, १६ डिसें.

रात्रभर डोळा नाही. सकाळी दादाचा फोन.

"शाले, मी मेलो म्हणं."

मला रडूच फुटलं, रडतच सिरीयलचं सांगून टाकलं. तो हसतोय. म्हणतो, "फोटू तरी बरा टाकायचा. फेट्यात मी सोंगाड्यावानी दिसतो."

मग सगळं सांगितलं त्यानं. काल तो ओसरीत बसून तुरीच्या शेंगा सोलायलेला. झरीहून जीप भरून आली. आत्या गल्लीच्या तोंडालाच उतरली आणि तिथून हेल काढत आली, छाती बडवत, लोकांच्या खांद्याला धरून. ओसरीपाशी आली आणि समोर हा. हातात शेंगांचं सूप. "ये आत्या, बस" म्हणाला म्हणे! आत्यानं आधी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग पायातली चप्पल काढून दोन ठेवून दिल्या पाठीत.

नंतर आत्याच शांत झाली. म्हणाली, पूर्वी कुणाच्या डोक्याला कावळा शिवला, मरणाचा अपशकून झाला, की मुद्दाम मयताची खोटी बातमी धाडायचे सोयऱ्यांकडं. रडणाऱ्याला खोटं म्हणून ठावं नसलं पाहिजे, तरच पीडा टळते. "मी खरी रडले. आता त्याला काय बी व्हत न्हाई."

दादाला हे लय पटलंय. मला पटू नये, पण सकाळपासून तेच वाक्य मनात धरून बसलेय. आणि मधेच वाटतं, आत्या खरी रडली, पण सुरुवात तर मी केली होती. मला ठाऊक होतं. मग माझं रडणं कशात धरायचं?

गुरुवार, १८ डिसें.

वहिनींनी फोन उचलला नाही. काल नाही, आज नाही. शेवटी संध्याकाळी त्यांनी स्वतःच लावला.

"शालूबाई, तुमी नांदेडला येऊ नका."

"वहिनी, अहो..."

"जित्या माणसाच्या नावानं रडलात तुमी. टीव्हीत तोंड दिसावं म्हणून. माज्या घरात चार दिसांपासून लोक भेटायला यायलेत, आन् ह्यांच्याकडं कसं बघतेत ठावं हाय का तुमाला? मरणातून उरलेला माणूस बघावं तसं." आवाज फुटला त्यांचा. "मी कुणासमोर रडले न्हाई अजून. एकदा सुदीक न्हाई."

त्यांचं एक अक्षर चुकीचं नाही.

सिरीयलला नाही म्हणून कळवते असं ह्यांना म्हणले. हे म्हणाले, "आता ऐनवेळी त्यांना दुसरं कोण मिळणार?" खरंय. तरी नंबर काढून बसले होते. लावला नाही. का लावला नाही ते मला चांगलं ठाऊक आहे. मला तो सीन करायचाय. एवढ्या सगळ्यानंतरही करायचाय.

शनिवार, २० डिसें.

सकाळच्या शाळेनंतर तडक पेडगाव. वहिनी नांदेडला न्यायच्या पिशव्या भरत होत्या. मला 'या' म्हणाल्या, पाणी दिलं आणि मागच्या दारानं परसात निघून गेल्या.

दादा बाजेवर. बारीक झालाय. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल.

"उद्या हाय ना तुजं? मला म्हणून दाखीव."

"काय?"

"मी गेल्यावर काय म्हणणार ते. समदे ऐकतेल, मी एकटाच ऐकणार न्हाई. हा कोणता न्याय?"

"दादा, गप बस."

"आगं खरंच. दार लाव. टीव्ही मोठा कर, शेजारी म्हणतेल सिरीयल चालू हाय." स्वतःच रिमोट घेऊन आवाज वाढवला. कपड्याच्या साबणाची जाहिरात चालू होती. त्या गोंगाटात मी जमिनीवर बसले, त्याच्या पायापाशी. वाटलं कागदावरचं म्हणून मोकळं व्हावं. तोंड उघडलं आणि वेगळंच आलं.

"दादा रंऽऽ माज्या... कवा दोन घटका बसला न्हाईस रं माज्या घरी... मी पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात, आन् तू दारातूनच, गाडी चालू हाय शाले, निघतो... असा कसा घाईचा रंऽऽ... आता कुणाच्या दारात गाडी चालू ठिवलीस... बंद कर रं ती गाडी, आन् बस की जरा..."

हे मी कधी ठरवलं नव्हतं. पंचवीस-सव्वीस वर्षं मनात होतं हेही मला माहीत नव्हतं. पिशवी हातात द्यायची, आत वाकून बघायचं, ह्यांना रामराम, आणि फटफट चालू. मला वाटायचं ह्याला आमच्या घरी अवघडल्यासारखं होतं. ह्यांचं काही बोलणं लागलं असंल.

दादा टीव्हीकडं बघत होता.

मग म्हणाला, "तू रडायचीस म्हणून."

"काय?"

"लगीन झाल्यावर पयल्या पंचमीला आलो तवा चांगला बसलो होतो. च्या पिला, जेवलो. उठलो तर तू पदर तोंडाला लावलास. दुसऱ्या खेपंला बी तेच. मला रस्ताभर दिसायचं ते. मंग म्हणलं बसायचंच न्हाई. बसलं की उठावं लागतंय."

तो बाजेच्या दोरीशी चाळा करत होता.

"आन् शाले, हे टीव्हीत नको घालू. दुसरं काय बी म्हण. हे आपल्या दोघातलं हाय."

"नाही घालणार."

"शपथ?"

"शपथ."

वहिनी दारात उभ्या होत्या. केव्हा आल्या कळलं नाही. मी निघताना म्हणाल्या, "सोमवारी सकाळच्या गाडीनं निघणार हावोत आमी. यायचं तर या."

रविवार, २१ डिसें.

झालं शूटिंग.

लिहिते. उद्या सकाळी निघायचंय, पण लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

मयत झालेला नट नाकात कापूस घालून पडलेला, मधेच कापूस काढून चहा मागायचा. पांढऱ्या कापडाखाली त्याचा मोबाईल थरथरायचा. गावची माणसं भिंतीवर बसून बघायलेली. हे सगळं असताना कसलं रडू येणार! पहिला टेक कागदावरचा. दि. म्हणाला, छान. दुसरा टेक, छान. पण त्याचा चेहरा पडलेला, मला कळतं ना, मी पण पोरांना असंच छान म्हणते.

मग माझ्याजवळ येऊन बसला. "मॅडम, कागद विसरा. तुम्हाला सुचेल ते बोला. तुमच्या माणसाशी बोलल्यासारखं."

तुमच्या माणसाशी म्हणाला.

आले मी गल्लीतून. उंबऱ्याशी आले. आणि निघालं तोंडातून. तांब्या, उंबरा, गाडी चालू हाय, सगळं. "बंद कर रं ती गाडी, आन् बस की जरा." त्या नटाचा हात धरून म्हणले मी ते. भिंतीवरची एक म्हातारी मोठ्यानं रडायली. मेकअपवाली पोरगी तोंड फिरवून उभी. कट म्हणायचं दि.च्या ध्यानातच राहिलं नाही. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मेलेल्यानं सुद्धा.

आणि मला बरं वाटलं. लय बरं वाटलं. हेच लिहवत नाही.

पुढचंही लिहिते. दि. म्हणाला, "आता हेच जवळून घेऊ. सेम." आणि मी केलं. सेम. पहिल्यांदा तोंडातून निघून गेलं असं म्हणता येईल. दुसऱ्यांदा मी ते म्हणले. कुठं आवाज चढवायचा, कुठं सोडायचा, हे बघून म्हणले.

घरी येताना गाडीत ह्यांनी विचारलं, कसं झालं? म्हणले, बरं झालं. दि.नं सांगितलंय संक्रांतीच्या आसपास दाखवतील.

सोमवार, २२ डिसें. नांदेड

दादाला ॲडमिट केलं. सह्या झाल्या, रक्त घेतलं, छातीवरचे केस काढले. तो म्हणतो, "लग्नातबी एवढी तयारी केली नव्हती." वहिनी हसल्या, मग बाहेर जाऊन आल्या.

दवाखान्याच्या टीव्हीवर कुठलीतरी सिरीयल. सासू सुनेला सगळं मनातलं सांगायलीय, समोरासमोर, डोळ्यात डोळे घालून. बाजूच्या खाटेवरचे आजोबा मन लावून बघतायत. दादा पण बघायला. मी त्याच्याकडं बघत नव्हते.

आज सांगावं असं दहादा वाटलं. मग वाटलं, नको, त्याला ऑपरेशनच्या आधी कशाला. हे मी त्याच्यासाठी म्हणतेय का माझ्यासाठी?

आत्याचा फोन. "भिऊ नका गं. मी रडलेय त्याच्या वाटचं."

मंगळवार, २३ डिसें.

बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय.

सकाळी न्यायला आले. हिरवा झगा, डोक्याला टोपी. स्ट्रेचर लिफ्टपाशी थांबलं तेव्हा त्यानं मला बोटानं जवळ बोलावलं.

"कसं झालं गं परवा?"

"झालं."

"ते गाडीचं न्हाई ना बोललीस?"

"नाही दादा."

"हां." आणि डोळे मिटून घेतले, निवांत. लिफ्टचं दार लागलं.

त्यानं मान सुद्धा वळवून बघितलं नाही माझ्याकडं. इतका विश्वास!

बाकावर आले आणि वहिनींना सांगून टाकलं. सगळं. शपथ, दोन्ही टेक, आत्ताचं 'नाही' पण. वाटलं आता ह्या मला उठून जा म्हणतील, आणि मी जाईन.

वहिनी समोरच्या दाराकडंच बघत होत्या. म्हणाल्या, "बगतेल की ते टीव्हीत. लय चिडतेल."

"हो."

"तुमाला चार लोकांत बोलतेल. त्यांचं तोंड ठावं हाय ना?"

"बोलू दे वहिनी."

"मंग बोलू द्या." आणि माझा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला. आत्तापर्यंत सोडलेला नाही, वही मांडीवर ठेवून एकाच हातानं लिहिणं चाललंय ते कसंतरीच.

बोलू दे त्याला. संक्रांतीला पेडगावच्या ओसरीत भावकी गोळा करून त्यानं तो सीन बघावा आणि मला फोन लावून खोटारडी म्हणावं. शपथ मोडलीस म्हणावं. माझ्या दारात यावं, गाडी चालू ठेवूनच शिव्या द्याव्यात. दोन वर्षं बोलू नये माझ्याशी, दिवाळीला येऊ नये. मी कोपऱ्यात उभी राहून सगळं ऐकून घेईन, एक शब्द उलटून बोलणार नाही. फक्त त्यानं ते बघायला पाहिजे.

आत्याचा पुन्हा फोन. उचलला नाही.

डॉक्टर चार-पाच तास म्हणाले होते. ते उलटून गेलेत. विचारायला गेलो तर "चालू आहे, बसा."

आत्ता दार उघडलं. वहिनी एकदम उठल्या, मीही. सिस्टरनं नाव पुकारलं, दुसऱ्याच कुणाचं. पलीकडच्या बाकावरची माणसं धावत गेली. आम्ही परत बसलो.